तक्त्यातली सातवी ओळ

५ जुलै

प्रिय बारके,

काकाचं पत्र बघून घाबरू नकोस. तब्येत बरी आहे, म्हणजे असते तशी. फोनच केला असता, पण फोनवर तू बोलतेस आणि मी नुसता ‘हो हो’ करतो, आणि ठेवल्यावर आठवतं की विचारायचं ते राहिलंच.

आमच्या कारखान्यात नवा सेफ्टीवाला साहेब आला आहे. तुझ्याहून लहान असेल. त्याचं म्हणणं, अ‍ॅसिडच्या टाकीवर काम करणाऱ्या प्रत्येकाने लेखी परीक्षा द्यायची. पंचवीस सप्टेंबरला. नापास होईल त्याने टाकी सोडून गोदामात जायचं. मी चाळीस वर्षं पाइपांवर जस्त चढवतो. आधी कॉस्टिकच्या टाकीत तेलकटपणा काढायचा, मग पाणी, मग अ‍ॅसिडमध्ये गंज खायला घालायचा, पुन्हा पाणी, मग नवसागराचं पाणी आणि शेवटी वितळलेलं जस्त. हे मी झोपेतसुद्धा सांगेन. पण साहेब विचारतो, “बाबा, आम्ल म्हणजे काय?” मी म्हणालो, जे गंज खातं ते. तो हसला. आमच्यातला रेडिओ (तो दिवसभर बडबडतो म्हणून हे नाव) त्याहून मोठ्याने हसला.

ते असू दे. हसणाऱ्याचे दात दिसतात. माझी खरी अडचण वेगळी आहे. साहेबाने भिंतीवर एक तक्ता लावला आहे. त्यातली सातवी ओळ अशी: ‘डोळ्यात आम्ल उडाल्यास भरपूर साध्या पाण्याने धुवावे. सोडा किंवा कोणतीही आम्लारी कदापि घालू नये.’

कदापि. हा शब्द मी चार वेळा वाचला.

तुझ्या बाबाच्या डोळ्यात अ‍ॅसिड उडालं तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. मी सोड्याच्या पाण्याने डोळे धुतले म्हणून दादाचा निदान एक डोळा तरी राहिला, हे घरात आणि कारखान्यात शंभरदा बोलून झालं आहे. बत्तीस वर्षं मी ते ऐकतो. आणि आता भिंत म्हणते, कदापि.

तू कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतेस. मला परीक्षेपुरतं आम्ल आणि आम्लारी समजावून सांग, आणि सातवी ओळ बरोबर आहे की चूक ते लिही. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, सोपं लिही. दादाला यातलं काही बोलू नकोस, उगाच त्याचं डोकं फिरायचं.

तुझा काका


१४ जुलै

प्रिय काका,

पत्र मिळालं. इकडे सत्रपरीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे आहेत, त्यामुळे उशीर झाला. बाबा ठीक आहेत. राहिलेल्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आहे, पण ऑपरेशनचं नाव काढलं की अंगावर येतात.

आता अभ्यास. पाण्यात विरघळल्यावर हायड्रोजनचे विद्युतभारित कण सोडतं ते आम्ल. तुमच्या टाकीतलं अ‍ॅसिड हेच करतं, आणि तेच कण गंज खातात. पाण्यात हायड्रॉक्साइडचे कण सोडते ती आम्लारी, म्हणजे तुमचं कॉस्टिक. दोन्ही एकत्र आली की हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड मिळून पाणी होतं, उरलेल्याचं मीठ होतं. याला म्हणतात उदासिनीकरण. एकाचा आंबटपणा गेला, दुसऱ्याचा बुळबुळीतपणा गेला. परीक्षेत एवढं लिहिलंत तर साहेब खूश होईल.

सोबत लिटमसच्या पट्ट्या पाठवते आहे. निळी पट्टी आम्लात लाल होते, लाल पट्टी आम्लारीत निळी. करून बघा, हाताने केलेलं डोक्यात राहतं.

तक्त्याचं म्हणाल तर तक्ते छापणारे सगळ्यांना एकाच मापाने मोजतात. परीक्षेत जे तक्त्यात आहे तेच लिहा आणि पुढचा प्रश्न घ्या.

तुमची
बारकी


२२ जुलै

प्रिय बारके,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं समजलं. दुसऱ्यांदा खात्री झाली. मला वाईट वाटलं ते तिसऱ्यांदा, कारण तूच लिहितेस की दोन्ही एकत्र आली की पाणी आणि मीठ होतं. मग माझं बरोबरच आहे, असं तू लिहीत का नाहीस? दादाच्या डोळ्यातल्या अ‍ॅसिडवर मी सोडा घातला, म्हणजे डोळ्यात पाणी झालं आणि चिमूटभर मीठ. मिठाने डोळा जात नाही, चुरचुरतो. ही गोष्ट मी साहेबाला सांगितली. तो म्हणाला, “बाबा, तुम्ही फक्त पाठ करा.” मी काय पोपट आहे?

पट्ट्या मिळाल्या. चहात घातली, साबणात घातली, रेडिओच्या जिभेवर ठेवली. तो म्हणतो, लाल झाली तर माझं लग्न मोडेल. लाल झाली, पण त्याची बायको त्याला सोडत नाही. मग साहेबाच्या केबिनच्या काचा पुसायच्या अमोनियाच्या बाटलीवर लाल पट्टी ओली करून नुसती धरली, तर ती निळी झाली. साहेबाच्या पुस्तकात बघितलं. अमोनियात एक नायट्रोजन आणि तीन हायड्रोजन. हायड्रॉक्साइड नाही, ऑक्सिजनचा पत्ताच नाही. मग सोडणार कुठून? तुझ्या व्याख्येप्रमाणे ती आम्लारी असूच शकत नाही, आणि पट्टी म्हणते आहे. आता मी कुणाचं ऐकू, तुझं की कागदाच्या तुकड्याचं?

आणि मी एक सरळ प्रश्न विचारला होता. सातवी ओळ बरोबर की चूक. तू म्हणतेस पुढचा प्रश्न घ्या. वर्गात मुलं असं करतात तेव्हा तू त्यांना काय म्हणतेस गं?

काका


३ ऑगस्ट

प्रिय काका,

माझ्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांपैकी एकानेही अमोनियाचा प्रश्न कधी विचारला नाही. तुम्ही नेमकं तिथेच बोट ठेवलंत जिथे ती पहिली व्याख्या अडकली. म्हणून दुसरी आली. ती अशी: जे हायड्रोजनचा कण देतं ते आम्ल, जी तो घेते ती आम्लारी. अमोनिया पाण्याकडून असा कण घेतो, म्हणून ती आम्लारी. स्वतःत हायड्रॉक्साइड नसलं तरी चालतं, घ्यायची तयारी पाहिजे.

म्हणजे एकटं कुणी आम्ल नसतं. घेणारा समोर असेल तर देणारा देतो. पाणी तर दोन्ही आहे. अमोनियासमोर ते देतं म्हणून आम्ल, अ‍ॅसिडसमोर घेतं म्हणून आम्लारी. ज्याच्यासमोर उभं राहील तसं वागतं.

तक्त्याच्या ओळीबद्दल एवढंच म्हणेन की डोळा म्हणजे काचेचं भांडं नाही. किती अ‍ॅसिड उडालं, किती वेळ राहिलं, सोडा किती तीव्र होता, यातलं काहीच आता मोजता येत नाही. बत्तीस वर्षांपूर्वीच्या गोष्टीचं उत्तर पट्टीवर येत नाही. तुम्ही परीक्षेकडे लक्ष द्या. मीठ आणि पाणी बरोबर, पण जोडीला उष्णताही बाहेर पडते, तेही लिहा.

घरात पेपरांचा ढीग, बाबांचा चिडचिडेपणा आणि नळाला पाणी सकाळी एकच तास. तुमच्यावर चिडत असले तर माफ करा.

बारकी


१० ऑगस्ट

बारके,

आता मात्र हद्द झाली. साहेबाच्या पुस्तकाचं पान उलटलं तर तिसरी व्याख्या. इलेक्ट्रॉनची जोडी देते ती आम्लारी आणि ती जोडी घेतं ते आम्ल. परवापर्यंत आम्ल देत होतं, आज घ्यायला लागलं! एका घरात तीन सासवा आणि तिघींचं तिघींशी पटत नाही, तिथे सुनेने काय करायचं? वर उदाहरण कुणाचं, तर जस्ताच्या मिठाचं, जे मी रोज नवसागरात कालवतो. त्यात हायड्रोजनचा कणसुद्धा नाही, तरी म्हणे ते आम्ल. चाळीस वर्षं मी ज्यात हात घातला त्याचं नाव मला आज कळतं आहे.

मी रागाने म्हणत नाही, विचार करून म्हणतो. पहिली व्याख्या लिहिणाऱ्याला वाटलं असेल की आपलं बरोबर. दुसरा आला, त्याने ती पुरत नाही म्हटलं. मग तिसरा. मग सातवी ओळ लिहिणारा तरी कशावरून शेवटचा? उद्या चौथा येईल आणि म्हणेल, सोडा घालावा. तुमच्या शास्त्राला स्वतःचं एक मत नाही आणि भिंतीवर मात्र ‘कदापि’!

अजून एक. काल कांदा चिरला आणि गालावरचं पाणी तुझ्या लाल पट्टीवर घेतलं. किंचित निळसर झाली. म्हणजे डोळ्याचं स्वतःचं पाणीच आम्लारीकडे झुकलेलं. मग सोडा डोळ्याचा शत्रू कसा? तो तर नात्यातला झाला.

हे सगळं मी कारखान्यात बोललो तर रेडिओ म्हणाला, “काका, तुम्ही वकील व्हायला हवं होतंत, पण अशील कोण आहे ते सांगा.” मी त्याला पाइप पुसायला पिटाळला.

तू मला फिरवते आहेस. लहानपणी चॉकलेट खाल्लंस की अशीच इकडचं तिकडचं बोलायचीस. एका ओळीत लिही. मी दादाचा डोळा वाचवला की घालवला? पेपर तपासतेस तसं, बरोबर किंवा फुली.

काका


२१ ऑगस्ट

काका,

फुली.

एका ओळीत मागितलंत म्हणून एका शब्दात दिलं. आता नीट वाचा.

तीन व्याख्या एकमेकींना खोटं पाडत नाहीत. पहिली घरापुरती, दुसरी गल्लीपुरती, तिसरी गावापुरती. गाव मोजलं म्हणून घर पडत नाही. आणि या तिघींच्या कितीतरी आधीपासून कॉस्टिक कातडी जाळत आलं आहे. त्याला व्याख्या लागत नाही.

कॉस्टिक बोटांना बुळबुळीत लागतं ना? ते कॉस्टिक बुळबुळीत नसतं. तुमच्या कातडीतल्या चरबीचा साबण होत असतो, तो बुळबुळतो. डोळ्यावर अ‍ॅसिड पडलं की वरचा थर अंड्याच्या पांढऱ्यासारखा गोठतो, आणि बरेचदा तो थरच अ‍ॅसिडला पुढे जाऊ देत नाही. आम्लारी तसं गोठवत नाही. ती साबण करत करत आत उतरते. वरून धुतली तरी आतली उतरतच असते. डोळ्याचं पाणी पट्टी निळसर करतं ते नखाएवढं. सोड्याची बादली म्हणजे नातेवाईक नव्हे, घरात घुसलेला जमाव. शिवाय दोघं भेटल्याची उष्णता, तीही डोळ्यातच.

हे मला वीस वर्षं ठाऊक आहे. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी शिकवलं तेव्हा मी वर्गातून उठून बाहेर गेले होते. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही ज्या तोंडाने ती गोष्ट सांगायचात ते तोंड मला आवडायचं. आता व्याख्या पाठवून पाठवून कंटाळले. तुम्हाला सरळ उत्तर हवं होतं, मला सरळ सुटका हवी होती. दोघांनाही मिळालं असं समजू.

अ‍ॅसिडने किती नुकसान केलं आणि सोड्याने किती, हे मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकत नाही. त्या काळी सगळे कारखाने सोडाच घालायचे. तुम्ही एकटे नव्हतात.

बारकी


१५ सप्टेंबर

प्रिय काका,

पंचवीस दिवस झाले. शेजाऱ्यांच्या फोनवरही तुम्ही येत नाही. म्हणे, ‘कामात आहे’. परीक्षा दहा दिवसांवर आली, अभ्यास करताय ना? गेल्या पत्रात मी फार तोडून लिहिलं. लिहायचं तेच होतं, पण तसं लिहायचं नव्हतं.

बाबा रोज विचारतात, पोस्टमन आला का. त्यांना कुणाचं पत्र येणार आहे देव जाणे.

दोन ओळी तरी लिहा.

बारकी


२७ सप्टेंबर

प्रिय बारके,

परीक्षा झाली. पंधरा प्रश्न होते. आम्लाच्या तिन्ही व्याख्या लिहिल्या, साहेबाने एकच विचारली होती. नवसागर, जस्त, कुठली टाकी कशानंतर, अ‍ॅसिडमध्ये पाणी न ओतता पाण्यात अ‍ॅसिड का ओतायचं, सगळं लिहिलं. नववा प्रश्न होता: ‘डोळ्यात आम्ल उडाल्यास प्रथम काय कराल?’ उत्तर एका शब्दाचं. रेडिओनेसुद्धा लिहिलं. मी पेन घेऊन बसून राहिलो. सगळे उठून गेले. जागा कोरीच राहिली.

साहेब म्हणाला, “बाबा, चौदा बरोबर आहेत, पास आहात. पण सगळ्यात सोपा प्रश्न सोडलात?” मी म्हणालो, दिसला नाही. चष्म्याला दोष दिला. बिचारा चष्मा.

टाकी माझ्याकडे राहिली. पण आता टाकीजवळ जायची वेळ आली की मी बाहेरच पाइप मोजत राहतो, आणि याचा राग कुणावर काढायचा ते कळत नाही. तुझ्यावर काढून झाला. साहेबावर काढला. व्याख्या लिहिणाऱ्यांवर काढला, ते तर मेले असतील.

तू म्हणालीस, सगळे कारखाने सोडा घालायचे, मी एकटा नव्हतो. तसं नाही गं. ती बादली माझी होती. फरशीवर अ‍ॅसिड सांडलं की ते मारायला सगळीकडे धुण्याच्या सोड्याचं पाणी ठेवत. ते हळू मारायचं, मला धीर धरवत नसे. म्हणून मी त्यात कॉस्टिकच्या टाकीतले दोन मग ओतून ठेवायचो. ओतलं की फरशीवर फस्सकन आवाज व्हायचा. सगळे म्हणायचे, याची बादली जोरकस आहे. मला बरं वाटायचं.

त्या दिवशी हुकातून पाइप निसटला आणि अ‍ॅसिडच्या टाकीत आडवा पडला. दादा पलीकडे उभा होता. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी धावलो. नळ लांब होता, बादली हाताशी होती. त्याचं डोकं काखेत धरून एक मग डोळ्यावर ओतला. दुसऱ्या मगाला तो पहिल्यापेक्षा मोठ्याने ओरडला. मला वाटलं, अ‍ॅसिड चावतं आहे. म्हणून तिसरा ओतला.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सगळे सोडा म्हणायचे, मी सोडाच म्हणू दिलं. कॉस्टिकचं कुणी विचारलं नाही.

आता तूच सांग. दोन मग कॉस्टिक एका बादलीत, त्यातले तीन मग डोळ्यावर, आणि अ‍ॅसिड ओंजळभर धर. गणित मांडता येईल का? माझ्या वाट्याला किती येतं? निम्मं? निम्म्याहून कमी आलं तर मला थोडी झोप लागेल. बरोबर किंवा फुली नको, आकडा दे.

दादाला यातलं एक अक्षर कळू देऊ नकोस. त्याने बत्तीस वर्षं मला डोळा वाचवणारा भाऊ मानलं. आता उतारवयात त्याच्याकडून तेवढं काढून घेऊ नकोस. आणि माझ्याकडून.

काका


६ ऑक्टोबर

काका,

आकडा नाही. तुमच्या वाट्याला किती आणि अ‍ॅसिडच्या वाट्याला किती, हे सांगणारं गणित नाही. असतं तर मी वीस वर्षांपूर्वीच मांडलं असतं.

आता जे लिहिते आहे ते बसून वाचा. तुमची सगळी पत्रं मी पहिल्यापासून बाबांना मोठ्याने वाचून दाखवली आहेत. त्यांना वाचता येत नाही आणि पोस्टमनची चाहूल त्यांना माझ्याआधी लागते. तुम्ही ‘दादाला बोलू नकोस’ लिहिलंत ते वाक्यसुद्धा मी त्यांच्यासमोरच वाचलं. पहिल्याच पत्राला ते म्हणाले, “व्याख्या पाठव त्याला. मुद्द्याच्या जवळ जाऊ नकोस.” म्हणून तुम्हाला व्याख्या मिळाल्या. ‘फुली’चं पत्र मी त्यांना न सांगता पाठवलं. कळल्यावर दोन दिवस माझ्या हातचं जेवले नाहीत.

हे शेवटचं पत्र वाचताना माझा आवाज कॉस्टिकपाशी थांबला. ते म्हणाले, वाच. तिसऱ्या मगापर्यंत वाचून घेतलं. मग म्हणाले, कागद घे. मी घेतला. मी चिडले आहे काका, तुम्हा दोघांवर, पण आधी त्यांचं लिहिते. जसं बोलले तसं:

“त्या गाढवाला लिही, की मला माहीत होतं. कॉस्टिकचं नाही, सोड्याचं. तोंडात आलं होतं ते. अ‍ॅसिड आंबट असतं, हे घशात बुळबुळीत उतरलं. दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, डोळ्यात पाण्याशिवाय काही घातलं? सोडाबिडा तर नाही ना? आणि ज्या आवाजात विचारलं त्यावरून मला कळलं की सोडा घालायचा नसतो. तू बाहेर बाकावर बसला होतास. तुला नोकरीला आठच वर्षं झाली होती. मी म्हणालो, नाही, नुसतं पाणी. त्याने डोळे थोडे धुतले, पट्टी बांधली. सोडा म्हणालो असतो तर तासभर धुतले असते, हे मला बारकीने तिच्या कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी सांगितलं. तेव्हा ती रडत होती आणि मी तिला ओरडलो होतो, गप्प बस म्हणून. म्हणजे वाटा मागत असलास तर माझाही धर. डॉक्टरसमोर खोटं मी बोललो.

“आणि दुसरं. सगळे तुला म्हणायचे की भावाचा डोळा वाचवलास, आणि मी मान डोलवायचो. ते प्रेमाने नव्हे रे. तू प्रत्येक वेळी माझ्याकडे बघायचास, मी होकार देतो का ते बघायला. मला दरवेळी चीड यायची. आज खरं काय ते म्हणेल, उद्या म्हणेल, असं करत बत्तीस वर्षं काढली. तू म्हणालाच नाहीस. आता म्हणालास तेही पोरीजवळ.

“डोळ्याचं जाऊ दे. मला एकच विचारायचं आहे, आणि ते तिला विचारू नको, मला सांग. तू लिहिलंस नळ लांब होता. खोटं. मला दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. टाकीपासून तू मला ओढत नेलंस तेव्हा नळाचं पाणी आधी डावीकडे वाजत होतं. मग माझ्या मागे वाजत होतं. तू मला नळावरून पुढे नेलंस. का?”

एवढं बोलून ते उठून आत गेले. मी त्यात एक शब्दही घातलेला नाही. माझा राग मी पुढे कधीतरी लिहीन, आज त्याला जागा उरली नाही.

बारकी


१२ ऑक्टोबर

दादा,

हे पत्र तुला आहे. बारकी वाचून दाखवेल, तिला म्हणावं हळू वाच आणि मध्ये थांबू नकोस.

नळ सहा पावलांवर होता. रेडिओ तेव्हा नवा लागलेला पोऱ्या होता, त्याने तो चालूही करून ठेवला होता आणि ओरडत होता, “काका, पाणी! पाणी!” बादली त्याच्या पलीकडे खांबाशी होती, अजून सहा पावलं. मी तुला नळासमोरून नेलं. तू पाण्याच्या आवाजाकडे ओढ घेत होतास, मी तुला खेचलं. रेडिओला म्हणालो, पाण्याने काय होतंय! त्याला ते आठवत असेल. तो दिवसभर बोलतो, पण एवढं मात्र कधी बोलला नाही.

का, ते विचारलंस. मी बारकीला ‘नळ लांब होता’ लिहिलं, कारण ‘घाबरलो’ हे खपतं. मी घाबरलो नव्हतो. नळ दिसला, चालू दिसला, आणि माझ्या मनात स्पष्ट आलं की पाणी कुणीही घालेल. पाणी फरशीला घालतात. माझा भाऊ आहे, त्याला चांगलं काहीतरी घातलं पाहिजे. माझी बादली जोरकस होती, सगळे म्हणायचे. साधं पाणी मला तुझ्यासाठी कमी वाटलं.

एवढंच आहे. याला व्याख्या नाही.

काल साहेबाकडे गेलो आणि नवव्या प्रश्नाचं उत्तर त्याच्यासमोर लिहून दिलं. खाली जागा कोरी का सोडली होती आणि भावाच्या डोळ्याचं काय झालं ते लिहिलं, तुझं नाव न घालता. त्याने वाचलं आणि मला पहिल्यांदा बसायला खुर्ची दिली. रेडिओ खिडकीतून बघत होता. बाहेर आलो तर म्हणाला, “काका, आज बोलायला काही सुचत नाही.” मी म्हणालो, मग नको बोलूस.

तू डॉक्टरसमोर काय बोललास ते मी दहा वेळा वाचलं. त्याची मला इतकी चीड आली आहे की लिहवत नाही. कुणी सांगितलं होतं तुला माझी नोकरी वाचवायला? मला विचारलंस? हे मी तोंडावर बोलणार आहे, आणि तूही मला काय बोलायचं ते तोंडावर बोल.

गुरुवारी सकाळच्या बसने येतो. बारकीला म्हणावं, नेहमीसारखी कॉलेजला जा. आपण दोघंच असू दे.

धाकटा